कच्चं मडकं आणि काळी माती: तेर ते नांदेड, पाच दिवस

छत्तीस वर्षं मी रस्ते बांधण्याच्या खात्यात काढली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी जे झालं त्यातली गंमत कळायची नाही.

बेत साधा होता. मार्चचा पहिला आठवडा, उन्हाळा अजून दारात उभा. तेरचे गोरोबाकाका, परळीचा वैजनाथ, औंढ्याचा नागनाथ, नरसीचे नामदेव आणि शेवटी नांदेड. गाडी माझी, तीन वर्षांची. मी, सौ., तिची धाकटी बहीण आणि साडू, असे चौघं. साडूंना सगळे अण्णा म्हणतात. एसटीत बत्तीस वर्षं चालक होते. वयानं माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, तरी मला 'साहेब' म्हणतात. मीही कधी नको म्हटलं नाही.

लातूरहून निघताना त्यांनी विचारलं, "साहेब, मी घेऊ का थोडं?"

"बसा हो आरामात. जन्मभर चालवलीच की."

ऐकायला किती प्रेमळ! खरं कारण वेगळं होतं. लाल डब्याचं गिअर ओढायची सवय असलेले हात माझ्या गाडीला लागू नयेत, एवढंच.

पहिला दिवस: तेर

मुरूडला गाडी थांबवून सुशीला खाल्ला. पुण्याकडच्यांसाठी सांगतो, ही बाई नव्हे. चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे आणि वर दाण्याचा कूट. पोह्यांपेक्षा हलका, आणि चहाबरोबर दुसरी प्लेट नको म्हणवत नाही.

ढोकीवरून तेरला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. तेरणेच्या काठचं हे गाव एकेकाळी तगर म्हणून ओळखलं जायचं. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, आणि तिथला माल रस्ते नसलेल्या अफाट मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जातो. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मी हे सगळ्यांना उभं करून ऐकवलं. "रस्ते नसलेल्या मुलखातून! तेव्हा मुरूम नाही, खडी नाही, रोलर नाही. काळ्या मातीतून गाड्या!" काळी माती पाणी पिऊन कशी फुगते, वाळली की कशी भेगाळते, त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती कशी असते, हेही सांगितलं. सौ. पुढच्या कपाटाकडे गेली. अण्णा मात्र शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

संग्रहालय चुकवू नका. सातवाहनांची नाणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या आणि खापरंच खापरं. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची आठवण करून देणारी एक हस्तिदंती बाई तेरलाही सापडली आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. सरकारी संग्रहालयाची सुट्टी कुठल्या वारी येईल याचा नेम नसतो. जवळच विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ आहे, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल. मुळात तो बौद्ध चैत्य असावा असं अभ्यासक मानतात. आत आता बळीच्या डोक्यावर पाय ठेवणारा त्रिविक्रम उभा आहे.

गोरोबांच्या समाधीपाशी फारशी गर्दी नव्हती. कथा सगळ्यांना ठाऊक असतेच. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. मुक्ताईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, काका, हे कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग आमची मडकी बघा ना. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचं जेवतो, त्याच्या डोक्यावर एक कुंभार थापटी मारतो? निकाल लागला: हे एवढं कच्चं.

गावातल्या एका कुंभाराच्या अंगणात बसायला मिळालं, ते मात्र नशिबानं. उन्हाळ्याचे माठ थापत होते. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून थापटणं मारायचं, हात एका लयीत. मी विचारलं, कच्चं कसं ओळखता? त्यांनी भाजलेल्या माठावर बोटाचं पेर वाजवलं. खण्ण. न भाजलेल्यावर वाजवलं. बद्द.

"मग कच्चं निघालं की फेकून देता?"

ते हसले. "कच्चं कशाला फेकतेत? भिजवलं की परत माती व्हती, परत चाकावर घेता येतंय. पक्कं फुटलं की मग खापरच. ते तुमच्या त्या म्युझियममदी ठिवतेत."

जेवण अण्णांच्या ओळखीच्या घरी झालं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, तिळाची चटणी आणि कांदा फोडून. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि काळा मसाला एकत्र दळून केलेलं पीठ; पाव्हणा अचानक आला तरी दहा मिनिटांत आमटी उकळते. जेवताना मेहुणीनं गोरोबांची दुसरी कथा काढली. भजनाच्या नादात चिखल तुडवताना पोटचं लेकरू पायाखाली गेलं, बायकोवर, संतीवर, हात उगारल्यावर तिनं विठ्ठलाची आण घातली, पुढं शपथ मोडल्याची खंत वाटून त्यांनी स्वतःचे हात तोडले. आणि पंढरपुरात कीर्तनाला सगळ्यांनी हात वर केले तेव्हा त्यांचे थोटे हातही वर गेले आणि पुन्हा फुटले, लेकरूही रांगत आलं. कीर्तन कुणाचं? नामदेवांचं. ज्याला कच्चं ठरवलं त्याचंच.

"सगळं खरं," मेहुणी म्हणाली, "पण लेकरू गेलं तेव्हा संतीला कुणी विचारलं का, तुझं काय म्हणून?" भाकरीचा तुकडा सगळ्यांच्याच हातात राहिला. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

मुक्काम अंबाजोगाई.

दुसरा दिवस: अंबाजोगाई, परळी

अंबाजोगाईवर वेगळंच लिहायला हवं. योगेश्वरी, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलेली पासोडी, हत्तीखाना लेणी. अर्ध्या दिवसात उरकायचं गाव नव्हे ते. आम्ही उरकलं. चूक झाली.

परळी इथून तासाभराच्या आत. लांबूनच औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात, आणि मग टेकडीवरचं देऊळ आणि दगडी पायऱ्या. सभामंडप ऐसपैस आहे. इथं पिंडीला हात लावून दर्शन घेता येतं, आणि एवढ्यासाठी लोक लांबून येतात. सोमवार टाळा, श्रावण आणि महाशिवरात्र तर टाळाच, गर्दीचीच हौस असेल तर गोष्ट निराळी.

झारखंडचं देवघरही वैद्यनाथ म्हणवतं, औंढ्यासारखाच द्वारकेजवळचा नागेश्वरही ज्योतिर्लिंग म्हणवतो. हे वाद मी मंदिरात काढत नाही. मला रस आहे तो नावात. देवाला 'वैद्य' का म्हणावं? एक कथा अमृताची आणि धन्वंतरीची आहे. दुसरी रावणाची. यानंच कैलास उचलायचा घाट घातला होता. तो प्रसंग याच मराठवाड्यात, वेरूळच्या कैलास लेण्यात कोरलेला आहे: वर शंकर निवांत बसलेला आणि खाली वीस हातांचा रावण डोंगराखाली अडकलेला. पुढं तोच रावण तपाला बसतो, एकेक डोकं कापून वाहतो, नऊ होतात. दहाव्याला शंकर हात धरतो आणि कापलेली सगळी डोकी परत जोडून देतो. म्हणून वैद्य.

अण्णा पायरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "नऊच्या नऊ जोडली? एखादं तरी ठिवायचं होतं तसंच."

संध्याकाळी आभाळ भरून आलं. आधी वारा, मग धूळ, मग टपोरे थेंब आणि विजा. अवकाळी. लॉजच्या गॅलरीत आम्ही गरम भजी खात होतो आणि मला तो वास आवडत होता, हे आता लिहायला जरा जड जातं.

तिसरा दिवस: गंगाखेड, चिखल, औंढा

सकाळी गंगाखेडला गोदावरी ओलांडली. जनाबाई इथली. घाटावर पाच मिनिटं थांबलो, परभणीत चहा घेतला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी आडवी झालेली. पळस मात्र असा फुललेला की रात्री काही झालंच नव्हतं.

झिरो फाट्यावरून आत वळल्यावर पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. फोनवरचा नकाशा डावीकडे एक बारीक रेघ दाखवत होता. चार किलोमीटर वाचणार.

"साहेब," अण्णा म्हणाले, "रात्री पाऊस झालाय. काळं रान आहे. डांबर सोडू नका."

"अण्णा, काळ्या मातीवर मी ट्रेनिंगमध्ये भाषणं दिलीत."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी खिडकीची काच फक्त वर केली.

पहिले दोनशे मीटर मुरूम होता. मग पाणंद. मला ते दिसलं, कळलंही, पण मागं फिरायचं म्हणजे अण्णांसमोर फिरायचं. आणखी शंभर मीटर गेलो. चाकांना माती चढत गेली, मडगार्ड भरलं, गाडी लोण्यावरून सरकावी तशी डावीकडे सरकली आणि पोटावर बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला. नव्या पोरानं करावी ती चूक मी साठीत केली. गाडी आणखी चार बोटं खाली गेली.

सगळे गप्प. मग मागच्या सीटवरून सौ. म्हणाली, "काय हो, तगरच्या गाड्या गेल्या ना यातून?"

अण्णा चपला काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले. मीही उतरलो, आणि दुसऱ्याच पावलाला बूट चिखलात राहिला, पाय वर आला. त्या पायावर उभं राहायला गेलो आणि बसलो. शब्दशः बसलो, काळ्या मातीत. छत्तीस वर्षं जिच्यावर खडी अंथरली, तिच्यात.

लांबून एक आजी हे सगळं बघत उभ्या होत्या. जवळ येऊन त्यांनी आधी माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिलं. "कुठून आलाव? गाडी कामून घातलाव इकडं? सडक होती की चांगली."

त्यांचा आखाडा बांधापलीकडे होता. इकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. अंगणात हळद पसरलेली, शिजवून वाळत घातलेली, वर ताडपत्री. रात्री दोनला उठून सगळं घर ताडपत्री धरून उभं होतं, तरी एका कडेची भिजली. भिजलेली हळद काळपट पडते, मग भाव पडतो. पलीकडे साडेतीन एकर ज्वारी लोळलेली. आजींचा मुलगा रानात पाणी काढून देत होता. त्यानं ते काम सोडलं आणि ट्रॅक्टर आणला.

तोवर अण्णांनी बांधावरच्या तुराट्या उचलून चाकांपुढं नीट आडव्या रचल्या होत्या, चाकांची माती काठीनं काढली होती. पोरानं साखळी अडकवली, वर पाहिलं आणि सरळ अण्णांना म्हणाला, "काका, बसा तुम्ही स्टेरिंगवर. डायवर तुम्हीच ना?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. किल्ली माझ्या चिखलाच्या हातात होती. शर्टाला पुसून दिली.

त्यांनी गाडी काढली ती अशी: इंजिन जेमतेम गुरगुरत ठेवलं, स्टिअरिंग घट्ट न धरता दोन बोटांत सैल सोडलं, चाकाला वाट शोधू दिली. ट्रॅक्टरनं जेवढं ओढलं तेवढंच. एक हिसका नाही. मुरमावर आल्यावर उतरून त्यांनी आधी खाली वाकून चेंबर बघितलं. मला ते सुचलं नसतं.

आजींनी गुळाचा चहा दिला, मला पाय धुवायला घागरभर पाणी. मी पोराच्या हातात पाचशेची नोट ठेवू लागलो. त्यानं हात मागं घेतला. "राहू द्या काका. पाऊस काय तुम्ही आणलाव?" आजी म्हणाल्या, "नागनाथाला चाललाव ना? हळद भिजली मनून सांगा त्याला. आणि बाकीची वाळू दे मनावं."

एक सूचना, अगदी व्यवहाराची: अवकाळीच्या दुसऱ्या दिवशी या भागात डांबर सोडू नका. नकाशावर रेघ दिसते, माती दिसत नाही.

औंढ्याला पोचलो तेव्हा कपड्यांवरचा चिखल वाळून पापुद्रे पडत होते. रांगेतले लोक जरा सरकून उभे राहत होते. नागनाथाचं देऊळ खालून जुनं, काळ्या दगडाचं, भिंतीभर कोरीव काम. वरचा भाग नंतरचा, अहिल्याबाईंच्या काळातला म्हणतात. गाभारा तळघरासारखा खाली आहे. अरुंद, उभ्या पायऱ्या, वर दगड. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधीच विचार करा.

"साहेब, वाका," मागून अण्णा म्हणाले. तोवर कपाळ दगडावर आपटलं होतं. आवाज खण्ण होता की बद्द, हे सौ.नं रात्री जेवताना विचारलं.

खाली जेमतेम बसायला जागा. हळदीचा निरोप सांगितला. दुसरं काही मागायचं सुचलं नाही.

बाहेर आवारात बराच वेळ बसलो. नामदेव इथंच आले होते. कच्चं ठरल्यावर विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले, विठ्ठलानंच सांगितलं, विसोबा खेचराकडे जा. येऊन बघतात तर एक म्हातारा पिंडीवर पाय टाकून आडवा. पाय काढा म्हटल्यावर तो म्हणाला, मी थकलोय, जिथं देव नाही तिथं ठेव उचलून. जिथं ठेवावेत तिथं पिंड. हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. विसोबांची स्वतःची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. आळंदीत ज्ञानेश्वर आणि भावंडांना छळणारे विसोबा चाटी ते हेच. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून यांनीच कुंभारवाड्यात बंदी घातली होती. मग ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजलेले पाहिले आणि उष्ट्यावर तुटून पडले. नामदेवांना गुरू मिळाला तो असा, आधी स्वतः पुरता मोडलेला.

आणि याच आवारात देऊळ फिरलं म्हणतात. कीर्तनाला समोर उभे राहिलेल्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागं जायला सांगितलं, ते गेले, मागं उभं राहून गाऊ लागले आणि देवळानं तोंड त्यांच्याकडे वळवलं. नंदी मागच्या बाजूला आहे तो त्यामुळे, असं तिथला एक फुलवाला सांगत होता.

चौथा दिवस: नरसी, नांदेड

सकाळी किल्ली मीच अण्णांपुढे केली. त्यांनी घेतली, सीट मागं सरकवली, आरसे लावले. बसताना मेहुणी हळूच म्हणाली, "मी पुढं बसू का? मला मागं गाडी लागते." तीन दिवस ती तोंडात आवळा सुपारी धरून मुकाट बसली होती. मी मागं गेलो.

नरसी शांत गाव, कयाधूच्या काठी. नामदेवांचं जन्मगाव म्हणून मान. पंजाबातून आलेले भाविक भेटले, त्यांच्याकडे घुमानला नामदेवांचं मोठं स्थान आहे. त्यांच्यातले एक गृहस्थ मोडक्या हिंदीत सांगत होते की गुरु ग्रंथ साहिबमध्ये भगत नामदेवांची एकसष्ट पदं आहेत आणि देऊळ फिरल्याची गोष्ट खुद्द त्यांच्याच एका पदात आहे. म्हणजे आदल्या दिवशी मी जी फुलवाल्याकडून ऐकली, ती त्यांच्या गुरु ग्रंथ साहिबमधली. हे मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणालोही.

नांदेडला सचखंड हजूर साहिबला संध्याकाळ झाली. गुरु गोविंदसिंहांनी १७०८ साली देह ठेवला ती ही जागा. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळातली. डोकं झाकायला रुमाल बरोबर ठेवा, नसला तर तिथं मिळतो. जोडाघरात माझे चिखलाचे बूट एका पांढऱ्या दाढीच्या सेवेकऱ्यानं दोन्ही हातांनी घेतले. मी ओशाळून म्हटलं, बहुत गंदे हैं. त्यांनी टोकन दिलं आणि पुढच्याकडे वळले. दर्शनाहून परत आलो तर बूट पुसून ठेवलेले.

लंगरमध्ये जमिनीवर पंगत. दाल, भाजी, खीर. रोटी वाढणारा पोरगा माझ्यासमोर येऊन थांबला, रोटी देईना. माझ्या एका हातात फोन होता, दुसरा पुढे केलेला. शेजारून अण्णांनी कोपर मारलं, आपले दोन्ही तळवे जोडून दाखवले. फोन मांडीखाली सरकवला, दोन्ही हात पुढे केले, तेव्हा रोटी पडली.

पाचवा दिवस: परत

सांगण्यासारखं फारसं नाही. लोह्याच्या पुढं एका ढाब्यावर धपाटे आणि दही खाल्लं, उत्तम. अण्णांनी लातूरपर्यंत गाडी चालवली. मेहुणी पुढं बसून गप्पा मारत होती. ती इतकं बोलते हे मला ठाऊक नव्हतं. एका वळणावर मी म्हणालो, "अण्णा, तिसरा टाका," आणि त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. गाडी तिसऱ्यावरच होती.

माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा कमी आहे. तीन वर्षांत मी तिथं पहिल्यांदाच बसलो होतो.